पोरांनी जायचं कुठे?

नाशिकच्या वसाहतींमधल्या बहुतेक उद्यानांच्या फाटकाशी एक सूचनाफलक असतो. वरच्या बाजूला उद्यान उघडण्याच्या वेळा लिहिलेल्या असतात: सकाळचे काही तास, संध्याकाळचे काही तास, मधली दुपार बंद. खाली सूचना. हिरवळीवर चालू नये. फुलं तोडू नयेत. क्रिकेट, फुटबॉल खेळण्यास मनाई आहे. सायकल आत आणू नये. झाडावर चढू नये. खेळणी फक्त लहान मुलांसाठी आहेत. सुटी सुटी वाचली तर प्रत्येक सूचना पटते. चेंडू एखाद्या आजोबांना लागू शकतो, मोठी मुलं झोक्यावर बसली तर साखळी तुटते, हिरवळ तुडवली तर पुन्हा उगवायला महिने लागतात. पण सगळा फलक वाचून झाला की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने आत येऊन काय करावं, याचा त्यावर एका ओळीनेही विचार झालेला नाही.

संध्याकाळी आत गेलं की हेच डोळ्यांना दिसतं. घसरगुंडीपाशी नातवंडांना घेऊन आलेल्या आज्या असतात. ट्रॅकवर घड्याळ बघत फेऱ्या मारणारे निवृत्त गृहस्थ, ग्रीन जिमच्या लोखंडी यंत्रांवर दोन घटका व्यायाम करून घेणाऱ्या बायका, बाकांवर ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा. सहा वर्षांच्या पोराला इथे जागा आहे, साठ वर्षांच्या माणसालाही आहे. मधल्या वयाची पोरं कुंपणाच्या बाहेर दिसतात. एका ॲक्टिव्हावर तिघं, मोबाइलमध्ये डोकी घातलेली, नाहीतर भिंतीला टेकून उभी. थोड्या वेळाने कोणीतरी हटकतं, ‘ए, काय करताय इथं? चला, निघा.’ मग ती तिथून उठून पानटपरीशी जातात, अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जातात, उड्डाणपुलाखाली जातात. आपण त्यांना टवाळखोर म्हणतो आणि विषय संपवतो.

तो विषय तिथे संपत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. ताणाखाली असलेल्या किशोरवयीन मुलाला घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सावलीची, फुकट आणि कारण न विचारता बसू देणारी हिरवी जागा मिळणं ही आरोग्याची गरज आहे. जगभरातलं संशोधन ते सांगतं आहे आणि नाशिकसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या शहराला ते मनावर घेण्यासाठी फार वेळ उरलेला नाही.

ताण कुठून येतो

गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या गल्ल्यांमध्ये दहावीनंतर मुलांचं एक वेगळंच शहर वसतं. कळवण, सुरगाणा, पेठ, निफाड, पलीकडे धुळे, नंदुरबार अशा कुठून कुठून ती येतात. कॉट बेसिसवर खोली, महिन्याचा मेसचा डबा, सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री अभ्यासिका, रविवारी टेस्ट. टेस्टचे गुण संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲपवर गेलेले असतात. नीट, जेईई, एमएचटी-सीईटी या तीन नावांभोवती दोन वर्षं फिरतात आणि पहिल्या प्रयत्नात जमलं नाही तर रिपीटचं तिसरं वर्ष सुरू होतं. या मुलांचा दिवस चार भिंतींतून निघून दुसऱ्या चार भिंतींत जातो. मध्ये लागतो तो रस्ता आणि त्यावरची वाहनं.

सिडको, सातपूर, अंबड या कामगार वस्त्यांकडे ताणाचा चेहरा वेगळा आहे. तिथल्या पोराच्या घरात दोन खोल्यांत पाच माणसं असतात. वडिलांची रात्रपाळी असेल तर दिवसा आवाज करायचा नाही. काम कंत्राटी असेल तर पुढच्या महिन्याची खात्री नाही आणि ती चिंता जेवणाच्या ताटापर्यंत येते. या पोराला एकटं बसायला कोपराच नाही. रडायला नाही, चिडायला नाही, नुसतं गप्प राहायलाही नाही. बाहेर पडावं तर गल्लीत गाड्या लावलेल्या. मग कॉलेजच्या गेटवर कोणीतरी ‘माझ्याकडे खुन्नसने का बघतो’ म्हणतं आणि पाच मिनिटांत हाणामारी होते. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी किरकोळ कारणावरून वाद असं छापून येतं. कारण किरकोळ असतं हे खरं, पण त्यामागे साठलेलं किरकोळ नसतं.

आकडे बघितले तर हे एकट्या-दुकट्याचं दुखणं नाही, हे कळतं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले आणि महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्क्यांपर्यंत गेलं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले होते आणि राज्यांच्या यादीत आपलं नाव सगळ्यात वर होतं. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी शाळा, कॉलेजं आणि कोचिंग संस्थांना बंधनकारक असे पंधरा निर्देश दिले. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला यात पडावं लागलं, एवढी वेळ आली आहे.

या वयाच्या मेंदूची घडणही समजून घ्यायला हवी. भीती, राग, उत्तेजना यांना चटकन प्रतिसाद देणारा मेंदूचा आतला भाग किशोरवयात पूर्ण जोमात असतो. थांब, विचार कर, असं सांगणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. ताण आला की कॉर्टिसोल वाढतं, झोप बिघडते, लक्ष टिकत नाही आणि आधीच नाजूक असलेला लगाम आणखी सैल होतो. मोठ्या माणसाला जो अपमान गिळता येतो, तो पंधराव्या वर्षी गिळता येत नाही. म्हणून या वयातल्या मुलांच्या आसपासचं वातावरण कसं आहे, त्यात शांत व्हायला जागा आहे का, याला मोठ्या वयापेक्षा जास्त महत्त्व आहे.

झाड आणि राग

२०१६मध्ये अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी लॉस एंजलिस आणि आसपासच्या ९ ते १८ वर्षांच्या १,२८७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डायना युनान यांच्या नावावरचा हा शोधनिबंध आहे. मुलांच्या आक्रमक वागण्याची नोंद पालकांकडून वर्षानुवर्षं घेतली गेली आणि त्यांच्या घराभोवतीची हिरवाई उपग्रहाच्या चित्रांवरून मोजली गेली. घरापासून एक किलोमीटरच्या परिघात हिरवाई जास्त असलेल्या मुलांमध्ये आक्रमकता कमी होती. हा फरक केवढा? मूल दोन-अडीच वर्षांनी मोठं झाल्यावर जेवढं निवळतं, जवळपास तेवढा. घरची मिळकत, आईवडिलांचं शिक्षण, वस्तीचा दर्जा हे सगळं हिशेबात धरूनही तो टिकला.

आपल्या विषयाला त्याहून जवळचा अभ्यास २००३चा आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या नॅन्सी वेल्स आणि गॅरी इव्हान्स यांनी न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागातली ३३७ मुलं निवडली. घरातली भांडणं, घर बदलणं, शाळेत चिडवलं जाणं असे आघात कोणाच्या वाट्याला किती आले, हे त्यांनी नोंदवलं. आघात सगळ्यांवर होत होते. पण घराजवळ निसर्ग जास्त असलेल्या मुलांवर त्यांचा परिणाम कमी होता. सगळ्यात मोलाचा निष्कर्ष पुढे आहे: ज्या मुलांवर ताण सर्वांत जास्त, त्यांनाच या हिरवाईचा आधारही सर्वांत जास्त मिळाला. म्हणजे बंगल्यात, स्वतःच्या खोलीत, समजूतदार माणसांत वाढणाऱ्या मुलापेक्षा दोन खोल्यांत कोंडलेल्या पोराला दारातल्या झाडाची गरज अधिक आहे. आपल्या शहरांत झाडांची वाटणी नेमकी उलटी झालेली असते.

२०१९मध्ये डेन्मार्कमधल्या नऊ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बालपणी ज्यांच्या घराभोवती हिरवाई सर्वांत कमी होती, त्यांना पुढे मानसिक आजार होण्याचा धोका ५५ टक्क्यांपर्यंत जास्त निघाला. २०२१मध्ये लंडनच्या ३१ शाळांतल्या ३,५६८ मुलांच्या अभ्यासात वृक्षराजीजवळ राहणाऱ्या मुलांना भावनिक आणि वर्तनाच्या अडचणींचा धोका १६ टक्क्यांनी कमी आढळला. तिथे नुसत्या गवतापेक्षा झाडांचा परिणाम ठळक होता. हिरवळ राखण्यावर सगळा भर देणाऱ्या आपल्या उद्यानांसाठी हा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. झाड लावलं की भांडण मिटलं, इतकं सरळ गणित त्यांतून निघत नाही. पण प्रयोगही झाले आहेत. इलिनॉयमधल्या पाच शाळांतल्या ९४ विद्यार्थ्यांना तीन प्रकारच्या वर्गांत चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून दिलं गेलं: खिडकी नसलेला वर्ग, खिडकीतून भिंत दिसणारा वर्ग आणि खिडकीतून झाडं दिसणारा वर्ग. त्यांच्याकडून डोकं शिणवणारी कामं करून घेतली, मग थोडी सुट्टी दिली. झाडं दिसणाऱ्या वर्गातल्या मुलांचा ताण त्या सुट्टीत लवकर उतरला आणि लक्षही पुन्हा चांगलं लागलं. बाकी दोन वर्गांना सुट्टीचा तसा लाभ झाला नाही. काचांवर टॉपरांचे फोटो चिकटवून खिडक्या बंद करणाऱ्या क्लासचालकांनी हे वाचायला हवं. मुलाला दिलेली दहा मिनिटांची सुट्टी त्या फोटोंमागे वाया जाते.

यामागचं कारण मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी १९८९च्या आपल्या पुस्तकात मांडलं. अभ्यासाला, रहदारीला, मोबाइलला जे लक्ष लागतं ते ओढून लावलेलं असतं. ते थकतं आणि थकलं की माणूस चिडका होतो. पानांची हालचाल, खारीची धावपळ, ढगांची सावली यांच्याकडे लक्ष आपोआप जातं, त्याला जोर लागत नाही. तेवढ्या वेळात थकलेली शक्ती भरून येते. शिवाय झाडाखाली तापमान कमी असतं, धूळ आणि गोंगाट कमी असतो, चालणं-खेळणं होतं, ओळखीची माणसं भेटतात. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी गाठतो तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत सीईटीची तयारी करणाऱ्याला सावलीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

वस्ती वाढली, मैदान आटलं

सत्तरच्या दशकात सातपूर-अंबडच्या कारखान्यांना लागणाऱ्या कामगारांसाठी सिडकोने नवीन नाशिक वसवलं. सहा योजनांमध्ये हजारो छोटी घरं बांधली गेली. खानदेश, मराठवाडा आणि जिल्ह्याच्या तालुक्यांमधून आलेल्या माणसांना पहिल्यांदा स्वतःचं पक्कं घर मिळालं, ही या वसाहतीची मोठी कामगिरी आहे. आराखड्यात मोकळ्या जागाही होत्या. पुढे कुटुंबं वाढली, बैठ्या घरांवर मजले चढले, अंगणाच्या खोल्या झाल्या, गल्लीत दुचाकी आणि मग चारचाकी आल्या. घर तेवढ्याच जमिनीवर दुप्पट-तिप्पट माणसांना पुरू लागलं. मोकळी जागा होती तेवढीच राहिली, कुठे त्यावर समाजमंदिर आलं, कुठे पाण्याची टाकी.

नियम नाहीत असं नाही. राज्याच्या २०२०च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या आराखड्यात दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. केंद्र सरकारच्या २०१४च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांनी माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. २०११च्या जनगणनेत नाशिक महापालिका हद्दीत जवळपास १५ लाख लोक होते. त्या वेळच्या लोकसंख्येला माणशी दहा चौरस मीटर द्यायचे तर १५ चौरस किलोमीटर जागा लागते. लोकसंख्या त्यानंतर किती वाढली, हे रोज सकाळी मुंबई नाक्यावर उभं राहिलं तरी दिसतं. महापालिकेची लहानमोठी मिळून पाचशेच्या आसपास उद्यानं आहेत, आणि हा आकडा अभिमानाचा आहे. पण त्यातली कित्येक म्हणजे आराखड्यातून सुटलेले तुकडे आहेत: पेव्हर ब्लॉकची वाट, दोन बाकं, एक घसरगुंडी, मधोमध हिरवळीचा चौकोन. तिथे बारा-पंधरा मुलांनी एकत्र जमायचं म्हटलं तरी गर्दी होते.

मोठी जागा हाताशी असून वाया कशी जाते, याचं उदाहरण सिडकोतच आहे. पेलिकन पार्क हे नाव आज चाळिशीत असलेल्या नाशिककरांना आठवत असेल. सुमारे १७ एकरांवर मनोरंजननगरी उभी राहिली, काही वर्षांत बंद पडली आणि मग कोर्टकज्जांत अनेक वर्षं ती जागा ओसाड पडली. गंजलेली खेळणी, वाढलेलं रान, पडक्या भिंती. दाटीच्या वस्तीला लागून एवढी जमीन, आणि आयाबाया मुलांना सांगायच्या, तिकडे फिरकू नका. बऱ्याच खटपटीनंतर ती जागा पुन्हा सार्वजनिक उद्यान म्हणून विकसित करण्याचं काम सुरू झालं, ‘सेंट्रल पार्क’ हे नाव मिळालं. ती अनेक वर्षं मात्र परत येणार नाहीत. त्या काळात एक अख्खी पिढी दहा वर्षांची होती ती पंचविशीची झाली.

ओसाड जागा आणि हिंसा यांचा संबंध अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात प्रत्यक्ष प्रयोगाने तपासला गेला. ५४१ पडीक भूखंड निवडले. काहींवरचा कचरा काढून गवत आणि थोडी झाडं लावली, भोवती लाकडाचं बुटकं कुंपण घातलं. काही नुसते साफ केले. काही जसेच्या तसे ठेवले. गरीब वस्त्यांमध्ये सुधारलेल्या भूखंडांच्या आसपास गोळीबाराच्या घटना २९ टक्क्यांनी घटल्या. हिरव्या केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्या लोकांमध्ये खिन्न वाटत असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ४०हून अधिक टक्क्यांनी खाली आलं. खर्च फार नव्हता. कुणीतरी या जागेकडे बघतं आहे, ही जाणीव वस्तीला झाली.

नाशिकच्या रस्त्यांवरची भीती खरी आहे. गंभीर गुन्ह्यांमध्ये अल्पवयीन मुलं सापडतात, हातात कोयता घेतलेला पोरगा रीलमध्ये दिसतो, हे आईबापांची झोप उडवणारं आहे. २०२५च्या ऑक्टोबरात शहर पोलिसांनी गुन्हेगारीविरुद्ध मोठी मोहीम उघडली आणि ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ ही घोषणा घराघरात पोहोचली. लोकांना त्यामुळे धीर आला. पण कायदा ज्याला विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो, तो मुलगा त्या टप्प्याला पोहोचण्याआधी दोन-तीन वर्षं कुठे बसत होता, कोणाबरोबर बसत होता आणि कुठून हुसकला जात होता, हा प्रश्न पोलिसांचा नाही. तो नगररचनेचा आहे, शाळेचा आहे, आपल्या गल्लीचा आहे.

मुली दिसतच नाहीत

आतापर्यंत कुंपणाबाहेरच्या ज्या पोरांविषयी लिहिलं, त्यांत मुली जवळजवळ नाहीत. मुलांना निदान भिंत मिळते. मुलींना तीही मिळत नाही. नववी-दहावीत गेली की मुलीचं बाहेर असणं कामाशी बांधलं जातं: क्लासला चालले, मैत्रिणीकडे वही आणायला चालले, दळण आणायला चालले. नुसती बसले होते, हे उत्तर तिला देता येत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११च्या ‘व्हाय लॉइटर?’ या मुंबईवरच्या पुस्तकात हेच दाखवलं. बाईला सार्वजनिक जागेत राहायचं तर हेतू सोबत बाळगावा लागतो. नाशिकच्या मुलीचा अनुभव यापेक्षा वेगळा नाही. तिचा ताण मारामारीत दिसत नाही म्हणून तो कमी धरला जातो. तो जेवण सोडण्यात दिसतो, रात्र रात्र जागण्यात दिसतो, बाथरूममध्ये नळ सोडून रडण्यात दिसतो.

शिकागोच्या सार्वजनिक गृहसंकुलांत फ्रान्सिस कुओ आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये १६९ मुलामुलींचा अभ्यास केला. खिडकीतून जितकी जास्त झाडं दिसत, तितका मुलींचा आत्मसंयम चांगला होता: एकाग्रता, मोह आवरणं, तत्काळ फळासाठी घाई न करणं, सगळ्यात. मुलांच्या बाबतीत असा संबंध मिळाला नाही. एक संभाव्य कारण संशोधकांनी सुचवलं, मुलगे खेळायला घरापासून लांब जातात. मुली घराजवळ राहतात. म्हणून दारासमोरचं झाड मुलीच्या वाट्याला येणारा बहुधा एकमेव निसर्ग असतो. ते तोडताना तिचा विचार कोणी करत नाही.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. नव्वदच्या दशकात व्हिएन्ना शहराच्या लक्षात आलं, की साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागांतून नाहीशा होतात. चेंडूचा पिंजरा मुलगे व्यापतात आणि मुली निघून जातात. १९९९पासून शहराने दोन बागांची फेरमांडणी केली. चालायच्या वाटा वाढवल्या, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलसाठी जागा केली, मोठ्या मैदानाचे झाडोऱ्याने छोटे भाग पाडले. मुली परत आल्या. आपल्याकडे त्यात दिवे, स्वच्छ शौचालयं आणि दोन्ही बाजूंनी बाहेर पडता येईल अशी फाटकं यांची भर घातली तर पुष्कळ काम होईल.

नाशिककरांनी करून दाखवलेलं

या शहराला झाडांची किंमत कळत नाही, असं कोणी म्हणू शकत नाही. ५ जून २०१५ रोजी ‘आपलं पर्यावरण’ या संस्थेने शेखर गायकवाड यांच्या पुढाकाराने सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर वनमहोत्सव केला. हजारो नाशिककर खड्ड्यांशी हजर झाले आणि देशी जातींची सुमारे ११ हजार रोपं त्या उघड्या उतारावर लागली. रोप लावणं एका दिवसाचं असतं, जगवणं वर्षांचं. उन्हाळ्यात पाणी, वणव्यापासून राखण, गवत काढणं, हे सगळं श्रमदानाने होत राहिलं. आज ती नाशिक देवराई म्हणून ओळखली जाते. शहरातल्या कित्येक शाळकरी मुलांनी आपल्या हाताने पहिलं झाड तिथे लावलं.

२०२२च्या सुरुवातीला मायको सर्कल ते त्रिमूर्ती चौक या नियोजित उड्डाणपुलाच्या वाटेत उंटवाडीचा वड आला. दोनशे वर्षांहून जुना मानला जाणारा हा वृक्ष आणि त्याच्यासोबत शेकडो झाडं जाणार होती. नाशिककर उभे राहिले, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी लक्ष घातलं आणि वड वाचला. अशा वडाखाली एकदा दुपारी जाऊन उभं राहावं. रस्त्यावरून आत दहा पावलं टाकली की डोळ्यांवरची तिरीप जाते, कानातला हॉर्नचा आवाज बोथट होतो. पारंब्या जमिनीत उतरून खोड झालेल्या असतात, त्यांच्या आडोशाला माणूस दिसतोही आणि दिसत नाहीही. फांद्यांवर वटवाघळं, खारी, पिकलेल्या फळांवर साळुंक्यांची झुंबड, पारावर दोन म्हातारे, एक भाजीवाली, शाळेचं दप्तर उशाला घेऊन आडवा झालेला एखादा पोरगा. त्याला तिथे कोणी उठवत नाही. सगळ्यांच्या नजरेत असूनही एकटं राहता येणं, हीच तर किशोरवयाची गरज आहे, आणि आपल्या गावांनी ती पारावर कितीतरी पिढ्या भागवली.

मग २०२५च्या नोव्हेंबरात तपोवनाचा प्रश्न आला. २०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तिथली सुमारे १८०० झाडं हटवण्याची महापालिकेची सूचना निघाली आणि शहर ढवळून निघालं. हरकतींचा पाऊस पडला, अभिनेते सयाजी शिंदे येऊन उभे राहिले, डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तोडीला अंतरिम स्थगिती दिली. बदल्यात कितीतरी जास्त झाडं लावू, असं आश्वासन दिलं गेलं. राज्याच्या वृक्ष जतन कायद्यात २०२१मध्ये झालेल्या दुरुस्तीनेही हाच विचार मांडला: झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं. कायदा म्हणून हे पाऊल चांगलंच आहे. पण चौदा वर्षांच्या मुलाच्या बाजूने हिशेब केला तर तो जुळत नाही. आज लावलेलं रोप बसण्याजोगी सावली देईपर्यंत तो मुलगा तिशीकडे झुकलेला असेल. आणि ते रोप शहराच्या दुसऱ्या टोकाला लागलं असेल तर ती सावली त्याच्या वस्तीला कधीच मिळणार नाही. बालपणाला भरपाईची सोय नसते.

देवराई, पांडवलेण्याच्या पायथ्याचं वनोद्यान, गंगापूरचा परिसर हे नाशिकचं भाग्य आहे. पण तिथे जायला गाडी लागते, सुट्टी लागते, कोणीतरी मोठं सोबत लागतं, कुठे तिकीट लागतं. मुलाला राग आठवड्याच्या मधल्या मंगळवारी साडेसातला येतो. तेव्हा त्याला चप्पल घालून पाच मिनिटांत पोहोचता आलं पाहिजे.

मागणं फार नाही

पहिली मागणी फाटकाची. उद्यानं दुपारी उघडी ठेवा, आणि परीक्षांच्या महिन्यांत रात्री दहापर्यंत. कॉलेज सुटतं ती वेळ, क्लासची मधली सुट्टी, घरात पाहुणे आणि टीव्ही असतो ती वेळ, यांना गाठून वेळापत्रक ठरवा. राखणदार ठेवावा लागेल तर ठेवा. त्या पगाराचा खर्च पुतळे आणि कारंज्यांपेक्षा कमीच होईल.

दुसरी मागणी झाडांची. हिरवळीला रोज पाणी लागतं आणि तिच्यावर पाऊलही ठेवू देत नाहीत. तिच्या जागी कडुनिंब, करंज, बहावा, कदंब, उंबर, पिंपळ अशी आपल्या मातीतली सावलीची झाडं लावा, भोवती कट्टे बांधा. एखादं झाड तोडावंच लागलं तर बदली झाडं त्याच प्रभागात लागली पाहिजेत.

तिसरी, किशोरवयीनांसाठी वेगळा कोपरा: मोठ्यांना पेलतील असे झोके, एक नेट, भिंतीला टेकून बसता येईल अशी जागा. महापालिकेच्या शाळांची मैदानं संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना खुली करा. क्लासच्या इमारतींनी किमान एक खिडकी उघडी आणि एक झाड जिवंत ठेवावं. आणि हे सगळं ठरवताना त्या वयाच्या मुलामुलींना समोर बसवून विचारा. त्यांच्यासारखं नेमकं कोणी सांगणार नाही.

झाड हे औषधाच्या जागी नाही. ज्या मुलाची झोप, जेवण, जगण्याची इच्छा हरपली आहे, त्याला समुपदेशक आणि डॉक्टरच हवेत. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा मराठीतही बोलते; तो आकडा प्रत्येक घरात फ्रिजवर लिहिलेला असावा. पण त्या टोकाला पोहोचण्याआधीच्या लांबच लांब दिवसांत, जेव्हा काय होतंय हे मुलाला स्वतःलाच सांगता येत नाही, तेव्हा जवळची हिरवी जागा खूप काही सावरते.

जवळपास चार वर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर जानेवारी २०२६मध्ये नाशिक महापालिकेची निवडणूक झाली. आता प्रत्येक प्रभागाला नगरसेवक आहेत, त्यांचे दरवाजे आपल्याला माहीत आहेत. त्यांच्याकडे रस्ता, गटार, पाणी मागतो तसं हेही मागायला हवं: माझ्या प्रभागातल्या पंधरा वर्षांच्या पोराला आणि पोरीला पायी जाता येईल, हटकलं जाणार नाही, अशी सावलीची जागा कुठे आहे ते दाखवा. नसेल तर कधी होईल ते सांगा. तपोवनासाठी आणि उंटवाडीच्या वडासाठी जे शहर रस्त्यावर उतरलं, त्या शहराला हा प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, आणि आपल्या मुलांसाठी तो विचारणं हे त्याचं कर्तव्यही आहे.